सेक्रेटरी हटाव, बाक हटाव

बाक ही जगातली सगळ्यात निरुपद्रवी वस्तू आहे असं ज्याला वाटत असेल, त्याने एकदा चार बिऱ्हाडांच्या आवारात बाक ठेवून बघावा. खुर्चीपायी माणसं भांडतात हे आपण रोज वाचतो. पण बाक? बाकावर कुणीही बसावं, शेजारी कुणालाही बसवावं, कुणी नसेल तर पिशवी ठेवावी. त्यात भांडण्यासारखं काय आहे? तराजूकाकांनाही अगदी अस्संच वाटलं होतं. निवृत्त माणसाला बऱ्याच गोष्टी अशाच सोप्या वाटत असतात, त्याला इलाज नाही.

तराजूकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. इमारतीत त्यांना तोंडावर सगळे 'सेक्रेटरीसाहेब' म्हणत आणि पाठ वळली की तराजूकाका. उभी हयात वजनमापं तपासायच्या खात्यात गेलेली, त्यामुळे भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे त्यांना वचकून असत. आपल्याला असं नाव पडलंय हे त्यांना ठाऊक नाही, अशी साऱ्या इमारतीची समजूत होती. काका ती समजूत मोडत नव्हते, कारण मनातून त्यांना ते नाव आवडलं होतं. निदान लोकांना आपल्यात काहीतरी समतोल दिसतो, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता.

तर बाक. बाकाचं मूळ काकूंच्या गुडघ्यात होतं. काकू म्हणजे तराजूकाकांच्या सौभाग्यवती. गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून त्या लिफ्टने खाली उतरत, फाटकापर्यंत जात, तिथे घटकाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत उभ्या राहत आणि कळ असह्य झाली की परत फिरत. बसायला काही नव्हतं. हळूहळू त्यांचं खाली जाणंच कमी झालं. "कंटाळा येतो हो," म्हणायच्या. काकू आणि कंटाळा? ज्या बाईला फाटकापाशी उभं राहून अख्ख्या गल्लीची खबरबात लागायची, तिला कंटाळा? काकांनी मनाशी ठरवलं. आवारात बाक आलाच पाहिजे. पाठीचा बाक. काकूंना पाठ टेकायला लागते.

आता आपल्या आवारात आपण बाक ठेवायचा तर परवानगी कशाला, असं काकूंनी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. पण ज्या माणसाने जन्मभर लोकांना परवाने विचारले, तो स्वतः न विचारता बाक ठेवील होय? काका नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या कारकुनाने पेन कानावर ठेवलं.

"बाकाला पाय आहेत?"

"आहेत की. चार."

"जमिनीत पुरणार?"

"सिमेंटने पक्के करीन म्हणतो."

"मग ते बांधकाम झालं. नकाशा लागेल."

"कशाचा?"

"बाकाचा."

"आणि न पुरता नुसताच ठेवला तर?"

"मग सामान. फाटकाजवळ सामान ठेवलं तर अडथळा."

"अहो, मग माणसाने बसायचं कुठं?"

कारकुनाने त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "घरी," तो म्हणाला.

काका घरी आले. पण घरी बसले नाहीत. फाटकापासून अंमळ आत, न पुरलेला बाक, म्हणजे बांधकामही नव्हे आणि अडथळाही नव्हे, अशी कायदेशीर पळवाट त्यांनी शोधून काढली आणि सुताराला बोलावलं. सुतार आला आणि त्याच्यामागोमाग सल्ले आले. लाकूड आणि सल्ला यांचं काय नातं आहे कोण जाणे, रंधा चालू झाला की माणसं आपोआप जमतात. पहिल्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणाले, बाक माझ्या खिडकीखाली आला तर मला काही हरकत नाही, फक्त तो तिथे येऊ नये. तळमजल्यावर एक शिक्षिका राहत, त्यांना सगळे शाळाबाई म्हणत. त्या म्हणाल्या, "माझ्या खिडकीखाली नको हो. लोक बसून बोलतात, मी ऐकत उभी राहते आणि माझी भाजी करपते." खुद्द सुताराचं म्हणणं होतं की बाकाला पाठ ठेवूच नये. "पाठ असली की माणूस रेंगाळतो साहेब. आणि रेंगाळला की भांडतो." सुतार द्रष्टा होता, हे काकांना पुढे कळलं.

एकच माणूस सल्ला द्यायला आला नाही. तो म्हणजे काकांच्या समोरच्या दारातले घड्याळवाले. हे गृहस्थ घरीच, गॅलरीत बसून घड्याळं दुरुस्त करत. त्यांचं आणि काकांचं बोलणं बंद होतं. फार पूर्वी घड्याळवाल्यांनी जिन्यापाशी चपलांचं एक कपाट ठेवलं होतं. ते रहदारीच्या जागेत येतं असं काकांना वाटलं. आता साधा माणूस दार वाजवून म्हणाला असता, "अहो, जरा आत सरकवा." काकांनी टेप आणून कपाट मोजलं आणि लेखी नोटीस दिली. जित्याची खोड! घड्याळवाल्यांनी त्याच दिवशी कपाट हलवलं. तेव्हापासून एक शब्द नाही. लिफ्टमध्ये समोरासमोर आले की दोघंही वरचे आकडे वाचत.

बाक झाला. सागवानी नव्हता, पण ठसठशीत होता. काकू पहिल्या संध्याकाळी त्यावर जाऊन बसल्या, पाठ टेकली आणि "आई गं, बरं वाटलं," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यासाठी काकांनी नगरपालिकेची पायरी आणखी दहादा झिजवली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाक वकीलसाहेबांच्या खिडकीखाली होता. काकांना वाटलं, आपलीच ठेवताना चूक झाली असेल. त्यानंतर तो शाळाबाईंच्या खिडकीखाली दिसला. मग पाण्याच्या पंपापाशी. मग एकदा तर भिंतीकडे तोंड करून उभा होता, वर्गातल्या शिक्षा केलेल्या पोरासारखा. ज्याच्या खिडकीखाली बाक, त्याने तो गुपचूप पुढच्याच्या खिडकीखाली ढकलायचा, असा इमारतीत नवा उद्योग सुरू झाला होता. विचारलं तर कुणीच सरकवलेला नव्हता. उलट लिफ्टमध्ये जो भेटेल तो म्हणायचा, "सेक्रेटरीसाहेब, बाक अगदी झकास हो!"

आणि इथेच ॲप शिरलं.

वकीलसाहेबांच्या जावयाने इमारतीसाठी फुकटात एक ॲप करून दिलं होतं. पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद राहणार, हे त्यावर कळवायचं. रहिवाशांनी आपली मतंही मांडायची. त्यात टोपणनावाने लिहायची सोय असावी, हा आग्रह कुणी धरला होता? तराजूकाकांनी. भर सभेत उभं राहून ते म्हणाले होते, "लोक भिडेपोटी बोलत नाहीत. भीड ही लोकशाहीला लागलेली कीड आहे!" टाळ्या पडल्या होत्या. आता भीड गेली. तिच्याबरोबर बरंच काही गेलं.

'त्रस्त' नावाच्या कुणीतरी लिहिलं, "बाक नव्हे, डोक्याला ताप." 'तिसरा डोळा' म्हणाला, "सेक्रेटरींना निवृत्तीनंतर उद्योग नाही, म्हणून आपल्याला त्रास." आणखी एकाने नुसतं "छी:" लिहिलं, त्याला पसंतीचे भरपूर अंगठे मिळाले. काका हादरले. हीच माणसं सकाळी लिफ्टमध्ये "झकास" म्हणत होती ना? मग ही कोण? मुखात राम आणि बगलेत सुरी! आवाजही न चढवणाऱ्या, जिन्यात एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करणाऱ्या त्या माणसांच्या अंगात ॲपवर गेलं की काय संचारत होतं देव जाणे. मांजर डोळे मिटून दूध पितं, तेव्हा आपल्याला कुणी बघत नाही असंच त्याला वाटतं म्हणतात. इथे तर अख्खी इमारत डोळे मिटून बसली होती.

दुसरा कुणी असता तर त्याने ॲप बंद केलं असतं नाहीतर मन घट्ट केलं असतं. पण काका खात्यातले. खात्याची एक रीत होती. काट्यात खोट असलेला दुकानदार पकडायचा तर साहेब म्हणून जायचं नसतं. मळका सदरा घालायचा, हातात पिशवी घ्यायची, साधं गिऱ्हाईक होऊन पावशेर साखर मागायची, वर "बाकी सगळे लुच्चे हो, तुम्हीच काय ते प्रामाणिक," असं म्हणून त्याला सैल सोडायचा. तो खुलला की मग खिशातून बिल्ला काढायचा. या रीतीने काकांनी भलेभले पकडले होते. तेव्हा या टोपणनाववाल्यांना पकडायचं तर त्यांच्यातलाच एक व्हायला हवं, हे ओघानेच आलं.

काकांनी 'परखड' हे नाव घेतलं.

अडचण एकच होती. फोनवर टाइप करायला गेलं की त्यांच्या जाड बोटाखाली एका अक्षराच्या जागी दोन अक्षरं उमटत. त्यावर उपाय म्हणजे फोनमधली बोलून लिहायची सोय. आपण बोलायचं, फोन लिहितो. काकांना ती फार आवडली, कारण खात्यात त्यांनी कारकुनाला मजकूर सांगण्यातच आयुष्य काढलं होतं. घरात रेंज नीट येत नसे, म्हणून ते संध्याकाळी गॅलरीत जाऊन उभे राहत, फोन तोंडासमोर धरत आणि जुन्या सवयीने खणखणीत आवाजात मजकूर सांगत.

"सेक्रेटरींना बाक दिसतो स्वल्पविराम माणूस दिसत नाही पूर्णविराम!"

आता तुम्ही म्हणाल, गुप्तपणे लिहायचं आणि गॅलरीत उभं राहून ओरडायचं, हा कुठला शहाणपणा? पण काकांच्या मते गुप्तता नावात होती आणि नाव त्यांनी बदललेलं होतं. त्यापुढे त्यांनी विचार केला नाही. मोठमोठ्या योजना अशाच एका न केलेल्या विचारापायी बुडतात.

'परखड'चं पहिलंच वाक्य इमारतीने डोक्यावर घेतलं. अंगठेच अंगठे. 'त्रस्त'ने लिहिलं, "व्वा! कुणीतरी बोललं." काका खूश. मासा गळाला लागत होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी आणखी तिखट लिहिलं. मग आणखी. आणि खोटं कशाला बोला, त्यांना गोडी लागली. उभ्या नोकरीत त्यांच्या एकाही अहवालाला कुणी "व्वा" म्हटलं नव्हतं. आता रोज म्हणत होते. कुणाला पकडायचं होतं, हे ते हळूहळू विसरून गेले. सेक्रेटरीला कुठे कुठे नाव ठेवता येईल याचा विचार ते आंघोळ करताना करू लागले, आणि आश्चर्य म्हणजे खूप जागा सापडल्या. शेवटी त्या सेक्रेटरीला त्यांच्याइतकं जवळून ओळखत होतं तरी कोण?

"अहो, इतक्या मोठ्याने कुणाशी बोलता?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काम आहे खात्याचं."

"खातं सुटून किती वर्षं झाली."

"तुला नाही कळायचं."

काकू भाकरीकडे वळल्या. आणि त्या सुमारास दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे काकूंचं खाली जाऊन बाकावर बसणं अचानक बंद झालं. "बाक आज कुठं असेल, कोण शोधत बसणार," असं त्या म्हणाल्या, आणि काकांना ते पटलं. दुसरी गोष्ट म्हणजे ॲपवर 'साधा माणूस' नावाचं कुणीतरी उगवलं.

हा साधा माणूस विचित्र होता. तो 'त्रस्त'ला उत्तर देत नसे, 'तिसरा डोळा'कडे ढुंकूनही बघत नसे. तो फक्त 'परखड'लाच उत्तर द्यायचा. परखड म्हणाला, सेक्रेटरी हटवादी आहेत. साधा माणूस म्हणाला, "असतील. पण टाकीत घाण झाली तेव्हा स्वतः टाकीत उतरणारा हटवादी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही." परखड म्हणाला, सेक्रेटरींना कुणी विचारत नाही. साधा माणूस म्हणाला, "लिफ्ट बंद पडते तेव्हा आपण सगळे कुणाचं दार वाजवतो?" परखड एकदा म्हणाला, आणि हे वाक्य सांगताना काकांना स्वतःच्या धारदारपणाचं फार कौतुक वाटलं होतं, "हा बाक नेमका कुणाच्या घरच्या सोयीसाठी आला स्वल्पविराम हे काय आम्हाला कळत नाही प्रश्नचिन्ह." त्यावर साध्या माणसाने लिहिलं, "ज्यांच्या सोयीसाठी आला त्यांना उभं राहवत नाही. सोय लागते तिथेच करतात, परखड. तुम्ही स्वतःला फार छळता."

हे शेवटचं वाक्य काकांना समजलं नाही. साध्या माणसाची लिहिताना गफलत झाली असणार, असं म्हणून ते पुढे गेले. पण बाकीचं त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. कोण असेल हा? आपल्याबद्दल इतकं चांगलं कुणाला वाटतं? त्यांनी एकेकाला लिफ्टमध्ये निरखून पाहिलं. कुणाचा चेहरा तसा दिसेना. मनातून त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेत असं त्यांना वाटे आणि लगेच 'परखड' म्हणून त्याला चार शब्द सुनवावे लागत, कारण मधेच मवाळ झालं तर लोकांना संशय आला असता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय!

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. एके सकाळी ॲपवर मजकूर झळकला, "सेक्रेटरी हटाव, बाक हटाव! तातडीची सभा बोलवा. परखड यांनी ठराव मांडावा." खाली अंगठ्यांची रांग. परखडनेच सेक्रेटरी व्हावं, अशीही एक सूचना होती. काका बाकड्यासारखे ताठ बसून राहिले. सेक्रेटरीपद गेलं तर गेलं, नाकापेक्षा मोती जड झालाच होता. पण बाक? बाक गेला तर काकू पुन्हा घरात. आणि तो घालवणारा पुढारी कोण? आपणच.

सभा खाली, गाड्या लावायच्या जागेत भरली. प्रत्येकाने घरून खुर्ची आणली होती. सेक्रेटरींवरच ठराव असल्यामुळे अध्यक्षस्थानी वकीलसाहेब. काकूही आल्या, गुडघा चोळत मागे बसल्या. घड्याळवाले एका खांबाला टेकून उभे होते. आणि बाक? बाक मधोमध होता, पण त्यावर कुणीही बसलं नव्हतं. आरोपीच्या मांडीवर कोण बसणार?

"बोला," वकीलसाहेब म्हणाले. "ज्यांनी ज्यांनी बाकाविरुद्ध लिहिलंय, त्यांनी उठून म्हणणं मांडावं."

कुणी हलेना. ॲपवर आग ओकणारे वीर आपापल्या चपलांचे अंगठे न्याहाळत बसले. कुणी खोकलं. शाळाबाई म्हणाल्या, "मला वैयक्तिक बाकाचं काही नाही हो." त्यावर तिघेचौघे एकदम म्हणाले, "आमचंही काही नाही." मग हे लिहिलं कुणी? वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "ठीक आहे. मग ठराव परखड यांनी मांडायचा आहे. परखड यांनी पुढं यावं."

सगळ्या माना एकदम तराजूकाकांकडे वळल्या.

काकांना वाटलं, सेक्रेटरी म्हणून आपल्याकडे बघतायत. खोटं बोलून निसटता आलं असतं. परखड आजारी आहेत म्हणता आलं असतं. पण मागे काकू बसल्या होत्या, आणि आता गप्प राहिलो तर बाक उचलला जाणार. ते उठले.

"मंडळी," ते म्हणाले, "मला एक सांगायचंय. परखड म्हणजे... परखड मीच आहे."

कुणालाही धक्का बसला नाही. एकाने जांभई दिली.

"अहो, माहीत आहे की," शाळाबाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी गॅलरीतून 'पूर्णविराम, पूर्णविराम' ऐकू येतं. माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलंसुद्धा थांबून ऐकतात. शुद्धलेखनाला चांगलं आहे म्हटलं."

"पण मी तर तुम्हाला पकडायला सापळा लावला होता! मग... मग तुम्ही सगळे मला अंगठे का देत होता?"

"तुमचा मान ठेवला!" वकीलसाहेब म्हणाले. "अहो, खुद्द सेक्रेटरीच म्हणतायत की सेक्रेटरी नालायक आहेत, तर वडीलधाऱ्या माणसाला आडवं कशाला जा? आम्हाला वाटलं, तुम्हाला राजीनामा द्यायचाय पण भीड वाटतेय. म्हणून आपला जोर लावला."

काका मटकन खुर्चीत बसले. मान कुठल्या कुठल्या रूपाने ठेवला जाईल काही सांगता येत नाही. हसावं की रडावं! तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मला बाकावरून उठवलंत ते मात्र तुम्हीच हो," त्या म्हणाल्या. "मी आत भाकरी करत होते. बाहेर तुम्ही फोनला सांगत होता, बाक कुणाच्या घरच्या सोयीसाठी आला ते आम्हाला कळतं म्हणून. म्हटलं, हा माणूस नाटक करतोय, पण ऐकणारे नाटक नाहीत. मग मला त्या बाकावर बसायची लाज वाटायला लागली."

काकांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांनी इतके तराजू तपासले, पण आपलं एक वाक्य कुठे जाऊन पडतं हे तपासायचं राहून गेलं होतं. "अगं..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. "चुकलो गं मी."

"पण एक मात्र आहे," काकू म्हणाल्या. "त्या साध्या माणसाने उत्तर दिलं ते वाचून मी रडले. कोण असतील ते असोत, त्यांचं भलं होवो."

खांबाला टेकलेले घड्याळवाले अस्वस्थ झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते बोलले, आणि बोलताना काकांकडे नाही, बाकाकडे बघत होते.

"आपली दारं समोरासमोर असली तरी पुढच्या बाजूला तुमची नि माझी गॅलरी लागून आहे. मधे पातळ भिंत. मी तिथे कामाला बसतो. एका संध्याकाळी ऐकलं, शेजारी हे गृहस्थ मोठमोठ्याने स्वतःला नावं ठेवतायत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी घाबरलो हो. सापळाबिपळा मला काय ठाऊक? मला वाटलं, माणूस खचलाय. असा एकटा गॅलरीत उभा राहून स्वतःचा पाणउतारा करणारा माणूस कठड्यापाशी... नको नको ते मनात आलं. दार वाजवून विचारणार होतो, पण आपलं बोलणं नाही. दारापर्यंत जाऊन परत आलो. मग म्हटलं, ॲपवर लिहावं. नाव नसलं की जमेल. आणि जमलं."

शाळाबाईंनी पदर डोळ्याला लावला. ज्या आडोशामागून सगळ्यांनी दगड मारले, त्याच आडोशामागून या माणसाने हात पुढे केला होता. काका आभार मानायला उठले आणि आभार न मानताच परत खाली बसले.

वकीलसाहेबांना सभा कशी संपवावी ते समजेना. "ठराव... ठरावाच्या बाजूने हात वर करा," ते म्हणाले. एकही हात वर झाला नाही. "विरोधात?" सगळे हात वर झाले, वकीलसाहेबांचाही, आणि घाईत काकांनी दोन्ही हात वर केले. मग सगळ्यांनी मिळून बाक उचलला. कुणी पाय धरला, कुणी पाठ, आणि "इकडे नको, तिकडे नको" करत तो फाटकापासून अंमळ आत, जिथे पहिल्या दिवशी होता तिथे नेऊन ठेवला. काकू त्यावर बसल्या. शाळाबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि बोलता बोलता त्यांची भाजी करपली.

दुसऱ्या दिवशी काकांनी समोरच्या दाराची घंटा वाजवली. किती वर्षांनी, ते त्यांना आठवत नव्हतं. घड्याळवाल्यांनी दार उघडलं. दोघंही काही क्षण उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"ते चपलांचं कपाट," काका म्हणाले. "पुन्हा बाहेर ठेवा. माझी काही हरकत नाही."

"देऊन टाकलं ते."

"अरेरे."

"आत या."

काका आत गेले. टेबलावर उघडलेली घड्याळं होती. घड्याळवाल्यांनी चहा ठेवला. मनाशी जुळवून आणलेलं आभाराचं भाषण काकांना आठवेना, म्हणून त्यांनी सरळच सांगितलं, "तुमचे फार उपकार आहेत. माझ्यावर आणि हिच्यावरही. मी कुणाचे उपकार कधी मानले नाहीत, त्यामुळे कसे मानायचे ते मला नीट येत नाही. पण आहेत."

घड्याळवाल्यांनी मान हलवली. चहा गाळता गाळता म्हणाले, "एक विचारू? राग नाही ना यायचा?"

"विचारा की."

"ते जे तुम्ही स्वतःबद्दल सांगत होता फोनला. सापळा होता, कबूल. पण त्यातलं थोडंसं तरी तुम्हाला खरं वाटत होतं का?"

काकांनी टेबलावरचं एक उघडं घड्याळ उचललं आणि परत जागेवर ठेवलं. खोटं सांगायला या माणसासमोर जीभ वळेना.

"थोडं वाटत होतं," ते म्हणाले.

"हं," घड्याळवाल्यांनी कप त्यांच्यापुढे सरकवला. "मला तसं वाटलंच होतं. पण मी जे लिहिलं ना, ते मला सगळंच्या सगळं खरं वाटत होतं. चहा घ्या, निवतोय."